न्हिम्बेचं बोलावणं

गाव कधी मरत नाही, हे मी गावप्रमुख म्हणून चाळीस वर्षं सभांमधून ठणकावून सांगितलं. शेवटच्या सभेला श्रोता एकच उरला होता. तोही बोकड, आणि भाषण संपायच्या आत उठून गेला.

आता झाका भागातल्या या टेकडीवर मी आणि माझी बायको, दोघंच. लेकीच्या नावावरून ती माय नेटसाय, मी बाबा नेटसाय. मुलगी नेटसाय रविवारी हरारेहून येणार होती. "बाबा, मक्यातलं तण काढलेलं दिसलं तर राहा खुशाल. नाहीतर घराला कुलूप, आणि मुकाट गाडीत बसायचं," असं तिनं फोनवर बजावलं होतं. तण मक्याच्या डोक्यावर गेलं होतं आणि माझी कंबर कामातून.

"न्हिम्बे घालू," माय नेटसाय म्हणाली.

न्हिम्बे म्हणजे दारू पाजून शेजाऱ्यांकडून निंदणी करून घ्यायची. मग जो आपल्या शेतात राबला, त्याच्या शेतात आपण राबायचं. यात कुणाला सूट नाही.

"शेजारी आहेत कुठे?"

"दारूचं मी बघते, बाबा नेटसाय. बोलावणं करणं तुमचं काम. तेवढं तरी करा."

सात दिवस नाचणी आंबत होती, तेवढ्यात मी गावातली बाराही घरं फिरलो. आठांना कुलूप, चारांना छप्परच नाही. रीत म्हणून प्रत्येक दारात बसून टाळ्या वाजवल्या आणि शनिवारचं आमंत्रण दिलं. गुंबोच्या दारात तर थट्टाही केली, "आळशा, या खेपेला तरी वेळेवर ये." गुंबोला जाऊन सहा वर्षं झाली होती. आमंत्रण फक्त जिवंतांना आहे, एवढं म्हणायचं मात्र राहून गेलं.

शनिवारी उजाडलं तेव्हा रान स्वच्छ होतं आणि मडकी कोरडी. फक्त प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक तण उभं. असलं अंगचोर काम या टेकडीवर एकाच माणसानं केलंय.

"गुंबोच," माय नेटसाय हलक्या आवाजात म्हणाली. "मेला तरी सुधारला नाही."

रविवारी नेटसाय आली. "निंदणी कुणी केली?"

"शेजाऱ्यांनी."

ती त्या बारा घरांकडे बघत राहिली. मग चहाही न घेता एकटीच परत गेली. आम्ही जिंकलो होतो.

भर दुपारी कुंपणाजवळ कुणीतरी मला कुळाच्या नावानं हाक मारली. "मोयो."

आवाज गुंबोचा होता. मी वळलो नाही.

"उद्या माझ्याकडे निंदणी. दोघंही या."

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. टेकडीमागच्या कबरींवरचे दगड अंगणातून दिसतात. माय नेटसायनं दोन कुदळी काढून भिंतीला टेकवल्या.

"आणि मोयो," आवाज जरा ओशाळला, "येताना चिमूटभर तपकीर आण. इकडे कुणाकडेच नाही."