कपाट बाहेर, दरवाजा बदनाम

सकाळचे साडेनऊ. दुसरा मजला, नवं ऑपरेशन थिएटर. टेबलावर एक बाई, शिवणकाम करून घर चालवणारी; उजवा गुडघा उघडा. नवा सांधा बसवणं चालू होतं. सिस्टरला टाक्यांचा दोरा हवा होता आणि तो आत नव्हता. तिने माझ्यासमोर कोपर हलवलं. मी उघडलो.

मी या थिएटरचा सरकता दरवाजा बोलतोय. ठपका माझ्यावर आहे, तेव्हा बोलणं भाग आहे.

माझं खरं काम बंद राहण्याचं. आत गाळलेली हवा दाबाने सोडतात, म्हणून बाहेरची धूळ आत शिरत नाही. मी सारखा उघडलो की तो दाब टिकत नाही आणि व्हरांड्यातली हवा थेट उघड्या जखमेवर जाते.

मला बसवलं तेव्हा सामानाचं कपाट आतच होतं, डाव्या भिंतीला. मग पाहणीला बडी मंडळी येणार असं कळलं. त्या भिंतीवर मोठा पडदा लावायचं ठरलं.

"इतक्या आधुनिक खोलीत कपाट म्हणजे गोदाम वाटतं," अधीक्षक म्हणाले. "पडद्यावर जगातलं कुठलंही ऑपरेशन दिसेल."

"मला माझं दिसलं तरी पुरे," सर्जन म्हणाले.

"आणि साहेब, दोरा लागला तर पडद्यातून काढू का?" सिस्टरने विचारलं.

सगळे हसले. कपाट व्हरांड्यात गेलं.

त्या ऑपरेशननंतर महिन्याभरात बाईंचा गुडघा पिकला. जखम धुवायला पुन्हा आणलं, तेव्हा त्यांची ट्रॉली माझ्यापाशी थांबली होती.

"सिस्टर, पायमशीन कधी चालवता येईल हो? गणवेशांचं काम दुसरीला गेलं. घरात मिळवती मी एकटीच."

"आधी हा पू जाऊ दे, मावशी."

"जाईल ना पण?"

सिस्टरने त्यांची चादर नीट केली.

मग चौकशी झाली. शहाणी माणसं माझ्यासमोर उभी राहून हात हलवत होती. मी उघडत होतो, कारण तसंच बनवलंय मला. निष्कर्ष निघाला: दरवाजा गरजेपेक्षा जास्त उघडतो. माझ्या छातीवर पाटी चिकटवली, 'कामाशिवाय उघडू नये'. ज्यासाठी मला उघडावं लागतं, ते कपाट त्यांच्या पाठीमागेच होतं. एकाने तर चहाचा कप त्याच्यावरच ठेवला होता.

"हे बाहेर काढलं कोणी?" सर्जननी विचारलं.

अधीक्षकांनी थिएटरचा नकाशा काढणाऱ्या सल्लागाराकडे बोट दाखवलं. सल्लागार म्हणाला, "आम्ही नकाशात आतच दाखवलं होतं." ज्याने कप ठेवला होता, त्याने तो मात्र उचलला.

मला दुरुस्त करू नका. मी बिघडलेलो नाही. कपाट आत घ्या.

काल मावशींचा सांधा काढून टाकावा लागला. त्याही ऑपरेशनला टाक्यांचा दोरा व्हरांड्यातूनच आणला.