कुपीतला सुटा भाग

भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून फिरणाऱ्या बाईला लोक मफलरताई नाही तर काय म्हणणार? बावीस वर्षं ती कंपनीच्या थंड खोलीत प्रोटीनं तयार करत होती. माणसाच्या पेशीत बनणारं प्रोटीन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं, मग ते जिवाणू फोडून त्या सगळ्या घाणीतून नेमकं तेवढं वेगळं काढायचं. निम्मी कंपनी या कामाला नाक मुरडायची, आणि वास घेतला तर त्यांचं चुकतही नव्हतं.

त्या दुपारी खालच्या स्वागतकक्षातून फोन आला. "ताई, एक जण आलाय. हटूनच बसलाय. तुम्हीच या बाई."

खाली बसलेला माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. खिशाला टेस्टर, नखांत ग्रीस. त्याने मांडीवरचा थर्मास उघडला, तर आत बर्फात तिच्याच हातची पिवळसर कुपी! कुणा ओळखीच्या प्राध्यापकाच्या हातापाया पडून त्याने ती मिळवली होती.

"माझी मुलगी नऊ वर्षांची आहे," तो म्हणाला. "पेशीत त्या बारक्या भट्ट्या असतात ना, तिथं चरबी जाळायला हे लागतं. तिच्या अंगात हेच बनत नाही. डॉक्टरांनी नाव लिहून दिलं होतं, ते शोधत आलो. आता एवढंच सांगा ताई, तोंडातून द्यायचं की सुईने? उद्या सकाळी देणार आहे."

मफलरताईने कुपी फिरवून लेबल त्याच्यापुढे धरलं.

"लेबल वाचलंत का?"

"वाचलं. फक्त संशोधनासाठी. आमच्या लिफ्टमध्येही लिहितात, सहा माणसं. आठ चढतात."

नियमावर बोट ठेवून त्याला वाटेला लावणं सोपं होतं. साहेबांनी तेच केलं असतं. पण इथवर पोचलेला बाप नियमाला थोडाच जुमानणार होता? ती त्याला सरळ वर, आपल्या टेबलापाशी घेऊन गेली. बाहेरच्या माणसाला तिथं बंदी होती. बोलणी बसणार हे तिला ठाऊक होतं, आणि बसलीही.

"हे बघा भाऊ," ती म्हणाली, "यात जिवाणूंचा अंश राहतो. नळीतल्या कामाला चालतो. रक्तात गेला तर ताप चढेल, पोरीच्या जिवावर बेतेल. तोंडातून दिलंत तर पोटात पचून जाईल. आणि कितीही स्वच्छ केलं तरी ते त्या भट्टीपर्यंत पोचतच नाही. पेशीच्या दारातच अडकतं."

"म्हणजे बिघडलेलं आहे?"

"बघू या."

तिने दोन काचेच्या नळ्यांत चरबी जळली की रंग उडणारं निळं पाणी घेतलं, दोन्हींत ती चरबी घातली आणि एकीतच कुपीतला थेंब सोडला. दुसरी नळी निळीच राहिली. पहिलीतला निळा रंग मात्र फिकट होत होत पार उडाला.

"चालू आहे की हो!" तो लहान मुलासारखा ओरडला. मग त्याचा चेहरा उतरला. "चालू पार्ट हातात आहे, आणि बसवता येत नाही."

"नाही बसवता येत. अजून कुणालाच नाही." हे बोलताना तिला फार वाईट वाटलं. "लोक मान मोडून काम करतायत यावर. किती वर्षं लागतील, मला माहीत नाही. तुम्हाला खोटी आशा नाही लावणार."

तो कुपीकडे बघत राहिला. ही पुन्हा थर्मासात गेली, तर एखाद्या हळव्या सकाळी तो ती मुलीला देईल, हे मफलरताईला कळत होतं. पण कुपी त्याची होती. हिसकावून कशी घेणार?

"पुन्हा करून दाखवा," तो म्हणाला.

तिने करून दाखवलं. तिसऱ्या खेपेला त्याने थेंब सोडायची पिपेट स्वतःच मागून घेतली. हात अगदी स्थिर होता. मग एकामागून एक नळ्या झाल्या, आणि कुपीचा तळ लागला. त्याने ती उलटी धरून तिला दाखवली. दोघांनाही कळलं होतं, त्याने काय केलं ते.

मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि तो धडपडत उठला. "निघतो ताई. तिला दर तीन तासांनी खायला लागतं. उपाशी राहिली की गळूनच जाते."

"रात्रीसुद्धा?"

"हो, गजर लावतो. तिची आई नाही, मीच उठतो."

"कधी चुकलं?"

"छे! चुकून कसं चालेल?"

"मग भाऊ, तेच तिचं औषध आहे. आज तरी याहून मोठं औषध कुणाकडेच नाही. नऊ वर्षं तुम्ही ते देताय."

तो दारातच थांबला. ग्रीस लागलेल्या बाहीने त्याने डोळे पुसले, तसा चेहराही माखला.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "मी नुसताच बघत बसलोय."

आणि तो घाईघाईने निघाला. पोरीची खायची वेळ होत आली होती.