जावयाची सोय

गुंडोअण्णांनी उभ्या जन्मात एकच गोष्ट नीट ठरवून, चार जणांना विचारून, पंधरा दिवस आधी केली आणि तीच नेमकी त्यांच्या पोटच्या पोरीच्या मुळावर आली. काय केलं म्हणाल, तर लेक-जावई पुण्याहून चार दिवस बेंगळूर बघायला येणार, म्हणून त्यांच्यासाठी स्टेशनलगत मॅजेस्टिक भागातल्या एका चांगल्या लॉजवर खोली घेऊन ठेवली. बास, एवढंच.

सौम्याला हे कळलं ते थेट स्टेशनवर. सत्त्याण्णव सालचा जानेवारी, सकाळची थंडी, आणि अण्णा कानाला मफलर गुंडाळून डब्याच्या दाराशीच उभे. लेकीकडे धड बघितलंसुद्धा नाही त्यांनी. आधी जावयाच्या हातातली बॅग ओढून घेतली.

"देवव्रतराव, स्वल्पसुद्धा त्रास होणार नाही बघा," अण्णा म्हणाले. "इथनं पाच मिनिटांवर खोली. मॅनेजर हयवदन आपल्या ओळखीचा. चोवीस तास गरम पाणी. लालबाग म्हणा, विधानसौध म्हणा, सगळं हाताशी. आमचं हेब्बाळ म्हणजे काय हो, तळ्यापलीकडे नुसतं माळरान!"

"अण्णा, आपण घरी नाही जायचं?" सौम्यानं विचारलं.

"छे छे! तिथं कुठं?" अण्णा असे हसले, की तिनं जणू गोठ्यात उतरू का म्हणून विचारलं होतं.

देवव्रतही हसला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तो तिला म्हणाला. "अण्णांना कळतं."

आता तुम्ही म्हणाल, लॉजवर उतरली म्हणून कुठं आभाळ कोसळलं? लोक तर हौसेनं उतरतात. खरंय. पण या पोरीला बेंगळूर बघायचंच नव्हतं. इथल्याच चिकपेटेत लहानाची मोठी झालेली ती, तिला कसली लालबाग आणि कसलं काय! तिला एकच रात्र हवी होती, आईच्या शेजारी, दार लावून. सगळं सांगायचं होतं, आणि सांगून झाल्यावर म्हणायचं होतं, मी आता परत जाणार नाही.

सांगायचं काय होतं? देवव्रतनं तिच्यावर हात उचलला नव्हता. आवाजसुद्धा कधी चढवला नव्हता. तो फक्त कुलपं लावायचा. फोनच्या तबकडीला बोटाएवढं कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. तिची सर्टिफिकिटं त्याच्या ऑफिसातल्या कपाटात, कारण शाळेतली नोकरी सोडायला लावली तेव्हा 'आता तुला यांचं काय काम' म्हणाला. तिला आलेलं पत्र आधी तो वाचायचा. तिनं लिहिलेलंही आधी तोच वाचायचा आणि एखादी ओळ खटकली की शांतपणे म्हणायचा, 'पुन्हा लिही.' मनाविरुद्ध काही झालं की बोलणं बंद. एकदा सलग सव्वीस दिवस तो तिच्याशी अवाक्षर बोलला नव्हता. भाद्रपदात, तिसऱ्या महिन्यात, तिचं पोट पडलं. 'तुझ्या आईला कळवायची गरज नाही, उगाच गाजावाजा,' म्हणाला. आईला आजतागायत पत्ता नव्हता.

मग असल्या माणसानं तिला माहेरच्या गावी आणलं कसं? तर चार लोकांत नाव राखायची भारी हौस त्याला. लग्नाला दोन वर्षं झाली, सुनेला एकदाही माहेरी पाठवलं नाही, असं नातेवाइकांत बोललं जायला लागलं. म्हणून ही सहल. 'अण्णांनी फारच आग्रह केला तर घरी उतरू,' असंही तो म्हणाला होता, 'मोठ्यांचा आग्रह मोडता येत नाही.' सौम्यानं सगळी भिस्त त्या एका वाक्यावर ठेवली. पत्रात लिहिलं, 'अण्णा, कुठं उतरायचं ते तुम्ही ठरवा, तुम्ही म्हणाल तसं.' त्या ओळीत देवव्रतला काही खटकलं नाही. अण्णांचं कार्ड आलं, 'सगळी सोय केली आहे, निश्चिंत या.' बिचारी निश्चिंत आली.

अण्णांना तरी काय बोलायचं! तीनशे वर्षांपूर्वी इकडे उतरलेलं त्यांचं घराणं. घरात मराठी, दारात कानडी, आणि पुण्याचा माणूस समोर आला की दोन्हीकडे जीभ अडखळायची. सौम्याच्या लग्नात वऱ्हाडाचा जानोसा त्यांनी व्हाइटफील्डला एका स्नेह्याच्या बंगल्यात दिला होता. झाडी, शांतता, प्रशस्त खोल्या, पाहुणे खूश होतील अशी त्यांची समजूत. कार्यालय मात्र पार तिकडे गावात, बसवनगुडीत. लग्नाच्या सकाळी वऱ्हाडाची बस वाटेत बंद पडली, नवरदेव मुहूर्ताला जेमतेम पोचला, आणि त्याचे काका प्रतापराव भर मांडवात म्हणाले, "तुम्हाला मुलगी द्यायची होती की वऱ्हाड गावाबाहेर काढायचं होतं?" अण्णांनी सगळ्यांसमोर हात जोडले. त्या दिवशी त्यांनी मनाशी गाठ मारली, की जावयाला पुन्हा म्हणून लांब उतरवायचं नाही.

तर ती गाठ आता सौम्याच्या गळ्याशी आवळली जात होती आणि अण्णा आपले खुशीत होते.

रोज सकाळी अण्णा आणि आई, वसुमतीबाई, हेब्बाळहून बस धरून दोन डबे घेऊन लॉजवर हजर व्हायचे. आई जावयाला वाढायची, अण्णा जावयाला गाव दाखवायचे. सौम्या जरा आईजवळ सरकली की देवव्रत गोड आवाजात विचारायचा, "काय गुजगोष्टी चालल्यात मायलेकींच्या?" आणि आई लाजून गप्प बसायची. असा गोड जावई लाखात शोधून मिळत नाही, असं आईनं खोलीत पाणी ठेवायला आलेल्या बाईलासुद्धा सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी लालबागेत सौम्यानं हिंमत केली. देवव्रत काचघराचा फोटो काढण्यात गुंतला होता. ती अण्णांच्या कानाशी कानडीत कुजबुजली, की अण्णा, मला तुमच्याशी बोलायचंय, यांच्यासमोर नाही. अण्णांनी घाबरून इकडेतिकडे बघितलं.

"पुट्टी, अगं पोरी, जावयांसमोर कानडी?" ते मराठीत म्हणाले, आणि तेही चांगलं मोठ्यानं. "त्यांना वाटेल आपण त्यांच्याबद्दल काही बोलतोय. बरं दिसत नाही."

देवव्रतनं कॅमेरा खाली घेतला. त्या रात्री तो सौम्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी लॉजच्या जिन्यात तिला आई एकटी सापडली. मिनिटभरच, कारण वरच्या मजल्यावर देवव्रत दाराला कुलूप लावत होता. सौम्यानं आईचा हात घट्ट धरला.

"आई, मला आजची रात्र घरी ने."

"वेडी का काय तू!" आई म्हणाली. "जावयाला लॉजवर एकटं टाकून येतात का कुठं? हयवदन काय म्हणेल? आणि घरी काय आहे गं, बोअरचं पाणी, त्याला गंजाचा वास, संध्याकाळी करंट जातो. इथं राणीसारखी राहा." मग तिच्या मनगटाकडे बघून म्हणाली, "हडकलीस मात्र. खात जा गं जरा."

सौम्याला आईचा असा राग आला, की तिथंच जिन्यात बसून बोंब ठोकावीशी वाटली. पण वरून देवव्रतची पावलं वाजली आणि ती मुकाट्यानं उतरायला लागली. उतरता उतरता तिला कळून चुकलं, की हे दोघं तिला जपत नव्हते असं नाही. तिच्या संसाराला जपत होते. तो काचेचा आहे आणि आपल्या हातून फुटेल, अशी धास्ती त्यांना बसली होती.

राहिला चौथा दिवस. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट होतं. त्याआधी दुपारी हेब्बाळला जेवण, एवढंच काय ते घराच्या वाट्याला आलं. कोरं, चिकपेट सोडून नुकतंच बांधलेलं, अजून बाहेरून गिलावा न झालेलं घर. आजूबाजूला चार-दोन तसलीच घरं, बाकी आखलेले रिकामे प्लॉट. सौम्या दारातून आत आली आणि मागं फिरून बघायचीसुद्धा तिला भीती वाटली. आणखी तीन तासांत ती पुन्हा बाहेर असणार होती.

आणि आग्रह बघावा तर त्या पंगतीत! आईनं ओबट्टू केले होते, म्हणजे आपली पुरणपोळीच. अण्णा स्वतः वाढायला उभे.

"देवव्रतराव, एक घ्याच. माझ्यासाठी. बरं, अर्धी. हिनं पहाटे उठून केल्यात हो. नाही म्हणालात तर मी जेवणार नाही, सांगून ठेवतो!"

देवव्रत हात आडवा धरायचा, अण्णा हाताखालून पोळी सरकवायचे, आई पदर तोंडाला लावून हसायची. सौम्या तुपाचं भांडं धरून उभी होती. तीन दिवस ज्या आग्रहाची तिनं वाट बघितली, तो सगळा पुरणपोळीवर खर्च होत होता. भांडं तिनं जमिनीवर ठेवलं.

"अण्णा, मलापण आग्रह करा ना," ती म्हणाली.

"तुला? अगं, मग बस की पानावर. बस, बस."

"जेवायचा नाही. राहायचा. मला राहायचा आग्रह करा."

अण्णांच्या हातातली पोळी तशीच राहिली. देवव्रतनं मान वर केली नाही, पण चावणं थांबवलं.

"पुट्टी, आता आज कसं?" अण्णा चाचरत म्हणाले. "गाडीची वेळ... यांची रजा... पुढच्या खेपेला चांगली महिनाभर राहा. काय हो?"

"पुढची खेप होणार नाही," सौम्या म्हणाली. "मी आज जाणार नाही. मी परत जाणारच नाही."

देवव्रत उठला, मोरीवर गेला, हात धुतले आणि एक एक बोट टॉवेलला पुसलं. तो हसत होता. "दमलीय ती," तो अण्णांना म्हणाला. "तुम्ही जरा समजवा, तुमचं ऐकेल. मी रिक्षा घेऊन येतो, तोवर आवरायला सांगा." या म्हाताऱ्याबद्दल त्याला कणभर शंका नव्हती. तीन दिवस बघितलं होतं ना त्यानं.

"अहो, तुम्ही कशाला? मी आणतो रिक्षा!" अण्णा सवयीनं चपलांकडे धावले. सौम्यानं त्यांचा सदरा मागून धरला. पण त्यांना थांबवलं ते आईनं.

"बसा हो तुम्ही," आई म्हणाली. असा आवाज तिनं उभ्या संसारात काढला नव्हता. "जाऊ दे त्यांना."

देवव्रतला वाटलं असेल, मॅजेस्टिकसारखी दारात रिक्षा मिळते. हेब्बाळला रिक्षा हवी तर हमरस्त्यापर्यंत वीस मिनिटं चालायचं आणि मग हात दाखवत उभं राहायचं. सौम्याला रात्र मिळाली नाही, पण तासभर मिळाला.

तिनं सांगितलं. कसलं सुसंगत आणि कसलं काय! फोनचं कुलूप सांगताना मध्येच शाळा, शाळेवरून सर्टिफिकिटं, मग ते सव्वीस दिवस. अण्णा ऐकता ऐकता दोनदा म्हणाले, "पण इतके चांगले बोलतात..." आणि दोन्ही वेळा आईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग सौम्यानं भाद्रपदातलं सांगितलं.

आईनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "गौरी बसल्या होत्या तेव्हा?"

"हो."

"मी त्याच आठवड्यात तुला पत्र लिहिलं होतं गं. गोड बातमी कधी देतेस म्हणून."

"मिळालं," सौम्या म्हणाली. "मला उठवत नव्हतं. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं."

आईनं दोन्ही हातांनी तिचं डोकं पोटाशी ओढून घेतलं. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले, जावयाच्या उष्ट्या ताटाशेजारीच. "आणि मी खोली घेतली," ते म्हणाले. "तीन दिवस मी मुलीला खोलीवर पोचवून आलो."

रिक्षाचा आवाज आला तेव्हा उन्हं कलली होती. देवव्रत फाटकातूनच म्हणाला, "झालं का? चल." बूट धुळीनं भरले होते, तरी हसू जागच्या जागी होतं. अण्णा उठले. धोतराचा सोगा नीट केला, तोंडावरून हात फिरवला आणि बाहेर गेले. मागून सौम्या दारात येऊन उभी राहिली. अण्णा पुन्हा हात जोडतील, अशी तिला खात्रीच वाटत होती.

"देवव्रतराव, ती येणार नाही," अण्णा म्हणाले.

देवव्रतनं क्षणभर अण्णांचं तोंड न्याहाळलं. मग अगदी समजूतदारपणे मान हलवली. "ठीक आहे. तुम्ही एवढा आग्रह करताय तर राहू दे चार दिवस. तुमचा शब्द मी कसा मोडणार? रविवारी न्यायला येतो."

किती सोपं करून दिलं होतं त्यानं! कुणाचं वाईट नको, प्रतापरावांना बोलायला जागा नको, चार दिवस लेक घरात, आणि मग रविवार. अण्णांसारख्या माणसाला याहून सोयीचं दुसरं काय हवं? सौम्यानं चौकट घट्ट धरली. अण्णांचे हात उठले, जोडायलाच उठले होते बहुतेक, पण मध्येच थांबले आणि त्यांनी फाटक पकडलं.

"हा आग्रह नाही, देवव्रतराव," अण्णा म्हणाले. "आग्रह केला तर माणसाला नाही म्हणता येतं."

त्यांनी फाटक लावलं आणि आतून कडी घातली. कडी बसेना, दोनदा निसटली. सौम्या रडायला लागली, चांगली मोठ्यानं, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी, आणि आईनं तिला गप्प केलं नाही.