लाल ठिपक्याची काडतुसं

आमच्या घरची काडतुसं भरायची मी आणि कौतुक व्हायचं गेलनचं. गेलन माझा नवरा. एकतीस वर्षं हे असंच चाललं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. काम चोख आहे ना, मग नाव कुणाचं का होईना, असं मी स्वतःची समजूत घालायचे. मूर्खच होते मी!

हे काम मला वडिलांनी शिकवलं. झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळ घासूनपुसून पुन्हा मापात आणायचं, बुडात नवी टिकली बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वर गोळी दाबायची. सांगायला सोपं आहे. वडील म्हणायचे, "पोरी, वेग कुणीही वाढवेल. आतला दाब कुठे थांबवायचा ते कळलं पाहिजे." म्हणून मी अर्धा-अर्धा ग्रेन दारू वाढवत जायचे. एक ग्रेन म्हणजे वजनाला गव्हाचा एक दाणा समजा. प्रत्येक वेळी पाच झाडायची आणि पितळ उजेडात धरून बघायचं. टिकली चपटी झालीय का? बुडावर चकचकीत ओरखडा उठलाय का? बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत बंद करणारी कडी, उचलताना हात अडतो का? यातलं एक जरी दिसलं, तर तिथून पूर्ण एक ग्रेन मागे यायचं. आणि तो आकडा त्याच एका बंदुकीचा. दुसरी बंदूक त्याच मापाची असली तरी तिला तो लागू नाही.

माझ्याकडे दोन आकडे होते, एक गेलनच्या बंदुकीचा आणि दुसरा माझ्या धाकट्या भावाच्या, लेलंडच्या. लेलंडकडे वडिलांची जुनी बंदूक होती. ती आतून तंग, त्यामुळे तिला दारू कमी. डब्यात मी माझ्या हाताने चिठ्ठी घालायचे, वर नाव आणि खाली आकडा. शिवाय ओल शिरू नये म्हणून प्रत्येक टिकलीवर लाल नखपॉलिशचा ठिपका द्यायचे. नखांना मात्र मी ते कधी लावलं नाही. आमचा क्लब एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणांच्या, शिकारीचा. तिथे सगळे म्हणायचे, "गेलनची लाल ठिपक्याची काडतुसं!" आणि गेलन म्हणायचा, "सुचलं आपलं मला एकदा." मी तिथेच बसलेली असायचे, घरून आणलेल्या हॉटडिशमध्ये, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याच्या भांड्यात, चमचा घालून.

मग मिल्टनने गोळीचा वेग मोजायचं यंत्र आणलं. मिल्टन आमच्या क्लबाचा सेक्रेटरी, त्याला दुसरं काम नाही. बंदुकीसमोर ठेवायचं, गोळी वरून गेली की वेगाचा आकडा येतो. त्या उन्हाळ्यात बापेमाणसं निशाण बघायचीच विसरली. जो तो आकडा बघायचा. मिल्टनचा आला सेकंदाला दोन हजार नऊशे साठ फूट. गेलनचा आला दोन हजार सातशे ऐंशी.

"गेलन, ही बंदूक आहे की गोफण?" मिल्टन ओरडला. "एल्कला गोळी लागेपर्यंत तो म्हातारा होऊन मरेल!"

सगळे फिदीफिदी हसले. गेलनही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. घरी येताना गाडीत म्हणाला, "आर्लिस, जरा वाढव ना दारू."

"नाही."

"अगं, थोडीशी."

"तीस वर्षं त्याच आकड्यावर एल्क पडतायत ना? एकाने तरी वेग विचारला का तुला?"

त्यानंतर त्याने विषय काढला नाही. मला वाटलं, समजला. नवऱ्याला एवढी वर्षं ओळखून मला असं वाटलं, याचंच आता हसू येतं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे नेम बसवायचा दिवस असतो. हंगामाआधी सगळे मैदानावर येतात, बंदुका तपासतात, बायका जेवण आणतात. त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. मी टेबलावर बटाट्याचं सॅलड झाकत होते. लेलंड आला तो नेहमीसारखा ओरडतच. "आर्लिस, माझा डबा?"

"गाडीत मागच्या सीटवर ठेवलाय," मी म्हटलं. "तुझं नाव आहे वर."

तो गाडीकडे गेला. पुढे काच तापलेली, आणि काचेखाली एक डबा. आत माझ्या हातची चिठ्ठी, वर लेलंडचं नाव. मागे कशाला बघेल बिचारा? गेलन तिथेच मिल्टनशी बोलत उभा होता. लेलंडने डबा वर करून विचारलं, "हा माझाच ना?" आणि गेलन म्हणाला, "हो, घे की."

हे मला नंतर कळलं. मला तेव्हा फक्त आवाज आला. बंदुकीचे आवाज मी आयुष्यभर ऐकलेत. हा तसला नव्हता. मी सॅलडचं भांडं टाकून धावले. लेलंड बाकावर वाकला होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. डोळ्यांवर घालायचा गॉगल नेहमीसारखा कपाळावर. वडिलांच्या बंदुकीचा बोल्ट घट्ट अडकून बसला होता, आणि फुटलेल्या पितळेचा तुकडा माझ्या भावाच्या उजव्या डोळ्यात होता.

बिलिंग्ज शहराच्या इस्पितळात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, डोळा वाचला नाही. मग मिल्टनने हळूच विचारलं, "गेलन, काडतुसं तुझीच ना?"

गेलनने टोपी हातात फिरवली. "मी कुठे भरतो? सगळं आर्लिसच भरते. पहिल्यापासून."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने चारचौघांत हे सांगितलं, आणि ते तेव्हा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, असेल. माझाच हात चुकला असेल. पुढचे दोन दिवस मी माझ्या हातांकडे बघत बसले होते.

तिसऱ्या दिवशी मिल्टनने तो डबा घरी आणून दिला, मेलेला उंदीर द्यावा तसा. एकोणीस काडतुसं उरली होती. मी एक उलटं केलं. ठिपका नव्हता. दुसरं बघितलं. नव्हता. एकोणीसपैकी एकावरही लाल ठिपका नव्हता. मी गोळ्या काढल्या, दारू ताटलीत ओतली आणि तोलली. गेलनच्या आकड्यापेक्षा अडीच ग्रेन जास्त, प्रत्येकात. लेलंडच्या बंदुकीला तर विचारूच नका. त्यात डबा सकाळपासून उन्हात, आणि तापलेल्या दारूचा दाब आणखी चढतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आमच्याकडे.

गेलन गोठ्यातून आला तेव्हा ताटली टेबलावरच होती. "लेलंडच्या रिकाम्या डब्यात का भरलीस?" मी विचारलं.

"तुला दिसू नये म्हणून." खाली बसला. "मिल्टन सगळ्यांसमोर गोफण म्हणाला, आर्लिस."

"बोल्ट जड जात होता का तुझा?"

"थोडा."

"थोडा! आणि लेलंडने विचारलं तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"मिल्टन समोर होता. नाही म्हणालो असतो तर सगळं सांगावं लागलं असतं. तू भरतेस ते." मग म्हणाला, "वाटलं, काही होणार नाही."

मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी चारचौघांत म्हणावं, आर्लिसच्या हातून भावाचा डोळा गेला नाही. एक वाक्य. गेलन ते म्हणणार नव्हता. म्हणून मी लेलंडकडे गेले.

तो घरी आला होता, डोळ्यावर पट्टी. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. मी त्याच्यासमोर चिठ्ठी ठेवली, रिकामी पितळं उलटी मांडली, दारूची पुडी ठेवली. सगळं सांगितलं. तो एका डोळ्याने बघत राहिला.

"ठिपका नव्हता ते मी बघितलं होतं," तो म्हणाला. "झाडायच्या आधीच."

"मग झाडलंस कशाला रे?"

"चिठ्ठी तुझ्या हातची होती. म्हटलं, पॉलिश संपलं असेल." त्याने डोळ्यावरची पट्टी सारखी केली. "गेलन काल येऊन गेला. रडला इथे बसून. मला माहीत आहे सगळं."

मला एकदम हलकं वाटलं. "मग सांग ना क्लबात! तू सांगितलंस तर ऐकतील."

त्याने पितळं एकेक करून डब्यात परत ठेवली. "आर्लिस, एका डोळ्याने मला यापुढे डोंगरात कोण नेणार? गाडी गेलन चालवणार, एल्क गेलन ओढणार. तो म्हणाला, जन्मभर नेईन. क्लबात हे कळलं तर मिल्टन त्याला काढून टाकेल, डोंगरातला आमचा शिकारीचा तळही जाईल. तुझं काय, तू तर क्लबात नाहीसच. तुला काय फरक पडतो?"

"मी तुझी बहीण आहे, लेलंड."

"म्हणूनच तुला सांगतोय ना," तो म्हणाला, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

मी डबा उचलला आणि घरी आले. वडिलांचं काडतुसं भरायचं यंत्र पडवीतून काढून खोक्यात भरलं. गेलनने विचारलंसुद्धा नाही. हंगामासाठी त्याने दुकानातून तयार डबे आणले.

ऑक्टोबरमध्ये क्लबाचं जेवण होतं. मी हॉटडिश घेऊन गेले, नेहमीप्रमाणे. गेलन आणि लेलंड शेजारी शेजारी बसले होते, नकाशा उघडून. दाराशेजारच्या फळ्यावर मिल्टनने नवा कागद लावला होता, ठळक अक्षरात: आर्लिस हॉगनने भरलेली काडतुसं या मैदानावर वापरू नयेत. एकतीस वर्षं मी भरलेली काडतुसं त्या मैदानावर झाडली गेली, आणि त्या भिंतीवर माझं नाव पहिल्यांदा लागलं होतं.

मी हॉटडिश टेबलावर ठेवलं. लेलंडने ताटली पुढे केली, आणि मी त्याला वाढलं.