मोरीकडचा खिसा

माथेरानचा एक गोरा साहेब बंगला विकून विलायतेला निघाला, तेव्हा त्याचं बिलियर्डचं टेबल आम्ही कर्जतकरांनी वर्गणी काढून घेतलं. वर मोटार जात नाही, म्हणून टेबलाच्या कापडाखालच्या दगडी पाट्या माणसांनी खांद्यावरून खाली आणल्या. वर्गणी सगळ्यांनी दिली, खांदा मोजक्यांनी दिला, आणि ‘माझं टेबल’ असं सगळ्यांत मोठ्यानं म्हणू लागला मकसूद सोडावाला. जागा मात्र खरोखर त्याची होती. स्टेशनामागच्या त्याच्या जुन्या शेडमध्ये पूर्वी सोड्याच्या बाटल्या धुवायचे. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला मोरीकडं उतार होता, तोच टेबलालाही आला. हळू मारलेला बॉल शेवटी मोरीकडच्या खिशाकडं वळायचा. दोन वर्षांत आम्ही सगळे वाकडं मारायला शिकलो, आणि त्यालाच आमचा खेळ म्हणू लागलो.

दुसरी सवय गाड्यांची. पुण्याच्या गाडीला घाट चढवायला कर्जतला मागून इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. बँकरनं जोर लावला की शेडची जमीन थरथरते. मग काठी खाली ठेवायची, म्हणायचं, “गाडी जाऊ दे,” आणि थांबायचं.

सारं सुरळीत चाललं होतं. पण कडावच्या एका लग्नात मकसूद पोटभर जेवला. मकसूद जेवला की त्याची जीभ सुटते. समोर खोपोलीचे कंत्राटदार धाकलूशेट बसले होते. चामड्याच्या पेटीत स्वतःची काठी घेऊन हिंडणारा माणूस.

“धाकलूशेट, कर्जतला या नि मला हरवा. हरलो तर टेबल उचलून न्या!”

पंगतीनं ऐकलं. आता शब्द फिरवायचा कसा?

“टेबल तुझ्या बापाचं हाय काय रं?” भातगिरणीवाले आबाजी, आमच्या वर्गणी मंडळाचे अध्यक्ष, ओरडले.

“जागा बापाची हाय, आबा.”

“मंग जागा लावायची व्हती!”

मकसूदच्या बायकोनं, हाजरानं, वेगळाच निकाल दिला. “टेबल खोपोलीला गेलं तर तुमीपन तिकडंच निजा.”

रविवारी सकाळी शेड भरली. खोपोलीची माणसं टेबल न्यायला टेंपो घेऊनच आली होती. हा उद्धटपणा आम्हाला फार झोंबला. आणि धाकलूशेटनी पेटीतून काठीआधी काढली ती गवंड्याची पाणसळ!

“मकसूदभाय, मागं एकदा मी हितं खेळून गेलोय. आधी टेबल सरळ करा.”

“करा की! आमाला काय फरक पडतोय?” मकसूद हसला. त्याच्या गळ्याशी घाम आलेला आम्ही पाहिला. कोंडाजी सुतारानं पायांखाली पाचरी ठोकल्या, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला, आणि आमचा दोन वर्षांचा खेळ तिथंच संपला.

डाव शंभरचा; बॉल तीन, एक लाल नि दोघांचे दोन पांढरे. लाल बॉल खिशात घातला की तीन, आपल्या बॉलनं उरलेल्या दोघांना शिवलं की दोन; गुण मिळत राहिले की पाळी चालूच. मकसूद सवयीनं वाकडं मारी, बॉल सरळ जाई.

“आरं, तो उतार गेला रं!” आबाजी कळवळले.

“ठावं हाय मला! हाताला कोन सांगनार?”

धाकलूशेट पुढं, आणखी पुढं. मग मकसूदनं दात आवळून सरळ मारायला सुरुवात केली. एक गेला. दुसरा गेला! शेडचे पत्रे वाजतील एवढ्या टाळ्या पडल्या. माणसं बाकांवर चढली. टेंपोवाला पैज विसरून मकसूदला ‘शाबास’ म्हणाला आणि खोपोलीकरांच्या शिव्या खाऊन गप्प बसला.

शेवटी धाकलूशेट सत्त्याण्णव, मकसूद ब्याण्णव. पाळी धाकलूशेटची. लाल बॉल खिशासमोर असा उभा, की आंधळ्यानंही घालावा. घातला की शंभर, नि टेबल टेंपोत.

तेवढ्यात स्टेशनावर शिट्टी झाली. सगळं कर्जत ओळखतं ती शिट्टी. आम्ही एकमेकांकडं पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. माणसाचा प्रामाणिकपणा कुठवर पुरतो, ते अशा वेळी कळतं.

बोलला तो मकसूदच. “धाकलूशेट, गाडी जाऊ दे.”

“मला बिचकवतोस व्हय?” धाकलूशेट हसले. “लग्नात जेवलास तेवढं पुरे!” आणि लगेच काठी मारली.

त्याच क्षणी बँकरनं जोर लावला. जमीन थरथरली, काठीचं टोक सरकलं. लाल बॉल खिशाच्या तोंडाशी गेला, दोन्ही कडांना धडकला आणि बाहेरच थांबला.

गलका उसळला! मकसूदनं मात्र काठी भिंतीला टेकवली, बाकावर बसला, खडू हातात घोळवत राहिला. गाडी गेली. शेवटचा डबा गेला. बँकर गेला. मग तो उठला.

लाल बॉल, तीन. तो परत जागेवर ठेवला; पुन्हा सरळ, पुन्हा तीन.

“दोन रं, दोनच!” आबाजींनी कोंडाजीचा दंड असा आवळला, की तो कळवळला.

मकसूद वाकला. हात सवयीनं मोरीच्या उलट्या बाजूला सरकला. त्यानं हात परत आणला नि सरळ मारलं. पांढरा बॉल लालला शिवला, तिथून निघाला, हळू, फार हळू, आणि दुसऱ्या पांढऱ्याला टक् करून लागला.

पुढचं काय सांगावं! आबाजी, इतके वजनदार, उड्या मारत होते. धाकलूशेटनी मकसूदला मिठी मारली. “लेका, खरंच सांगत व्हतास!”

“खरं सांगितलं म्हनून तर तुमाला पटलं नाय.”

टेंपो रिकामा गेला. तो वळणाआड होतो न होतो तोच आबाजी म्हणाले, “कोंडाजी, काढ त्या पाचरी.”

दुपारी मकसूद जेवायला बसला. पहिला घास उचलला आणि स्टेशनावर शिट्टी झाली. त्याचा हात हवेतच थांबला.

“जेवा आता,” हाजरा म्हणाली. “घास काय मोरीकडं घरंगळत नाय.”