बरणीतला अमर बेडूक

हरितगृहाच्या अंगणात साठेक मजूर हात जोडून उभे होते. समोर टेबलावर काचेची बरणी, बरणीत फवारणीचं औषध कालवलेलं पांढुरकं पाणी आणि त्या पाण्यात जिवंत बेडूक.

"आज सातवा दिवस," बेडूकबाबा म्हणाले. "हा जीव कातडीनं श्वास घेतो, कातडीनंच पाणी पितो. मी मंतरलेलं विष याला बाधत नाही, तुम्ही तर माणसं. हातमोजे कशाला, तोंडाला फडकं कशाला? श्रद्धा तेवढी घट्ट बांधा."

शेजारी मालक मान डोलवत होते. साठ जणांच्या हातमोज्यांपेक्षा एक बाबा स्वस्त पडतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

माझा धाकटा भाऊ इथेच गुलाबांवर फवारणी करायचा, उघड्या हातांनी. गेल्या हंगामात एका दुपारी त्याला दरदरून घाम फुटला, तोंडातून लाळ गळायला लागली आणि संध्याकाळी तो गेला. डॉक्टरांनी कागदावर विषबाधा लिहिलं. बाबा घरी येऊन म्हणाले, "त्याची श्रद्धा कमी पडली." तेव्हाच मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

आणि आता भावजय त्याच्या जागी कामाला लागणार होती, दुसऱ्याच दिवशी. मी हातमोजे पुढे केले तर म्हणाली, "नको वन्सं. उद्या माझीही श्रद्धा कमी पडायची."

मी बेडकांच्या प्रयोगशाळेत टाक्या धुते. कीटकनाशकांनी बेडकांचं काय होतं, हे तिथल्या मॅडम तपासतात. त्या सांगतात, पूर्वीचे बरेच अभ्यास चार-चार दिवसांचे असायचे. मेले किती ते मोजायचं आणि वही मिटायची. आता लोक पुढचंही बघायला लागलेत. पिल्लांचे पाय वाकडे येतात का, ती पोहायला मंद होतात का, मोठी होऊन अंडी घालतात का. "मेला नाही म्हणजे धड आहे, असं नसतं," हे मॅडमचं नेहमीचं वाक्य. आमचे बेडूक आम्ही पाठीच्या फोटोवरून ओळखतो, कारण एकाच्या पाठीवरचे ठिपके दुसऱ्यासारखे नसतात.

बाबांना फोटोची भारी हौस. आधीचे सहाही दिवस मी भक्तिणीसारखी गेले, "बाबा, एक फोटो," म्हणाले आणि त्यांनी स्वतः बरणी उचलून धरली.

सातव्या दिवशी ते सहा फोटो मोठे छापून मी बरणीशेजारी मांडले. "जवळ या," मी सगळ्यांना म्हणाले. "सोमवारच्या बेडकाला मानेवर तीन ठिपके. मंगळवारच्याला एकही नाही. बुधवारच्याच्या पाठीवर पट्टा आहे. बाबा रोज सकाळी खोलीचं दार लावून ध्यान करतात ना, तेव्हा मेलेला बाहेर जातो आणि ताजा आत येतो."

लोक वाकून बघायला लागले. कुणीतरी हसलं.

"देव रूप बदलतो, बाई," बाबा म्हणाले, पण आवाज पार खाली गेला होता.

गर्दीतून भावजय पुढे झाली. तिनं आधी फोटो पाहिले, मग बाबांचं मनगट धरलं आणि बरणीकडे ओढलं. "मंत्र तुमचा, श्रद्धा तुमची. हात घाला."

मी तिला अडवलं नाही. साठांपैकी कुणीच पुढे आलं नाही. बोटं पाण्यापासून वीतभर असताना बाबा किंचाळले, "सोड, विष आहे ते!"

अंगणात सगळ्यांनी ते ऐकलं, मालकांनीही. भावजयीनं मनगट सोडलं आणि माझ्याकडे हात पसरला. मी पिशवीतून हातमोजे काढून दिले. मग साठही जण मालकांकडे वळले आणि आपापले हातमोजे मागू लागले. त्या दिवशी फवारणी झाली नाही.

मी फोन करून बोलावलेल्या पोलिसांच्या गाडीत बसताना बाबा रडत होते. मला दया आली नाही, अजून येत नाही. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, तुमच्या कातडीची हमी कुणी देत असेल तर आधी त्याला स्वतःचा हात बुडवायला सांगा. माझ्या भावानं ते विचारलं नव्हतं.