ज्याच्या रेषा त्याचा दिवस

डेल्माने खुंटी मातीत रोवली, टाचेने दाबली आणि दोरीचा गुंडा सोडवत मैदानातल्या मधल्या चौकोनाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली. खरं तर रेषेची दोरी ताणायला दोन माणसं लागतात. नवरा, नोएल, होता तोवर दुसरं टोक त्याच्या हातात असायचं. तो गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून ते काम खुंटीकडे आलं होतं. खुंटीला एकच खोड, दोरी जरा जास्त ओढली की ती उपटून येई, आणि डेल्माला पन्नास पावलं परत जाऊन तिला चार शिव्या घालाव्या लागत.

आजही ती उपटून आली.

"जरा सैल सोड की. मैदान पळून नाही जात," मागून आवाज आला.

तिने वळून बघितलं नाही. शुक्रवारी दुपारी चार वाजता निळ्या रंगाने रेषा मारायची गाडी ढकलत मैदानावर येणारा माणूस गिलमारात एकच होता. सिल्वियो झानातोला संत्र्याच्या बागेतून मोकळा होऊन दहा वर्षं झाली होती, तरी डोक्यावरची बागेतली टोपी अजून उतरली नव्हती.

गावाला मैदान एकच. शनिवारी त्यावर डेल्माची फुटी, चार उंच खांबांची, चेंडूला लाथ मारून तो खांबांमधून पार करायची. रविवारी सिल्वियोची फुटी, म्हणजे रग्बी लीग. चेंडू छातीशी धरायचा, समोरच्याला धडका देत पुढे जायचं आणि रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. दोघंही आपल्याच खेळाला फुटी म्हणत आणि दुसऱ्याच्या खेळाचं नाव घेतलं तर जीभ विटाळेल असं वागत. शनिवारच्या रेषा पांढऱ्या, रविवारच्या निळ्या. कौन्सिलचा नियम जुना होता आणि गावात तो म्हणीसारखा बोलला जाई: ज्याच्या रेषा त्याचा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी कौन्सिलचा माणूस गाडीतून एक फेरी मारून बघून जायचा. ज्याच्या रेषा सलग तीन शुक्रवार दिसल्या नाहीत त्याचा दिवस गेला, आणि त्याचे खांब उभे करायचे खड्डे सिमेंटने भरून टाकायचे.

"उद्या किती आहेत पोरी?" सिल्वियोने रंगाचा डबा ढवळत विचारलं.

"पुरेशा."

"पुरेशा म्हणजे?"

"तुला काय करायचंय? तुझ्या रविवारचं बघ तू."

सिल्वियो डबाच ढवळत राहिला, आणि हे जरा नवलच होतं. एरवी एवढ्यावर त्याने तिच्या खेळाला हवेतलं टेबल टेनिस म्हटलं असतं, तिने त्याच्या खेळाला खाटकाची जत्रा म्हटलं असतं, आणि मग दोघंही खुशीत कामाला लागले असते.

पोरी पुरेशा नव्हत्या. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या संघात नऊ उरल्या होत्या आणि मैदानात उतरायला निदान बारा हव्यात. दोन शनिवारी खेळल्याविनाच हार पत्करावी लागली होती. तिसऱ्यांदा तसं झालं की संघ स्पर्धेतून बाद. जिल्हा संघटनेच्या बाईंनी सकाळीच फोनवर हे तिला पुन्हा वाचून दाखवलं होतं, नियम त्यांचा नसल्यासारखं हळहळत. हा संघ डेल्माने उभा केला होता, शाळेच्या कॅन्टीनमध्ये खाऊ घ्यायला येणाऱ्या पोरींना एकेक करून पटवून. पुरुषांचा संघ तीन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात विलीन झाला. म्हणजे ह्या नऊ पोरी गेल्या की शनिवार गेला.

पूर्वी शहरातून महिन्याला एक प्रशिक्षक यायची, शाळेशाळेत जाऊन चेंडू वाटायची. ते पद यंदा बंद झालं. दक्षिणेच्या बेटावर नवा मोठा व्यावसायिक संघ निघतोय, छप्पर असलेलं स्टेडियम बांधतायत, सगळ्यांचं लक्ष तिकडे. डेल्माला त्या बेटाचा राग नव्हता. तिथल्या लोकांनी शंभर वर्षं वाट बघितली होती. तिचं म्हणणं इतकंच, की झाडाला वर फांदी फुटताना खाली मुळाला पाणी घालणारा कुणीतरी लागतो, आणि ती आता एकसष्ट नाही, एकाहत्तर वर्षांची होती.

शनिवारी सकाळी गवतावर दहिवर जमलं होतं. गाड्या कुंपणाला नाक लावून मैदानाभोवती उभ्या राहू लागल्या. कॅन्टीनमधून भोपळ्याच्या सुपाचा वास येत होता. डेल्माने पोरी मोजल्या. नऊ. परत मोजल्या. परत नऊ. पलीकडे पाहुण्या संघाच्या अठरा पोरी अंग गरम करायला पळत होत्या.

आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसा त्यात जॅरॉड आला. शहरातल्या मुख्य कचेरीतला हा पंचविशीतला मुलगा ट्रेलरवर फुगवायची एक भली मोठी कमान आणि नव्या संघाच्या टोप्यांची खोकी घेऊन चार तास गाडी चालवत आला होता. त्याला खेड्यातल्या मुलींचे, टोप्या घातलेले, हसरे फोटो हवे होते.

"मिस, तुम्ही जे करताय ना ते फार मोलाचं आहे," तो म्हणाला.

"असेल. तुमची प्रशिक्षक कधी पाठवताय परत?"

त्याने कमानीकडे बघितलं. "ते खातं वेगळं आहे हो. माझ्या हातात नाही ते."

"तुझ्या हातात काय आहे?"

"टोप्या," तो खरं तेच बोलला. डेल्माला त्याची कीव आली. तिने त्याला सुपाचा कप आणून दिला.

खेळाडूंची यादी दहा वाजता बंद व्हायची. पावणेदहाला सिल्वियोचा डबडा ट्रक फाटकातून आत आला. पुढे दोन, मागच्या सीटवर दाटीवाटीने तीन, अशा पाच पोरी उतरल्या, निळ्या मोज्यांत, रग्बीच्या निळ्या चड्ड्यांत. सगळ्यांत पुढे त्याची नात तालिया, तेरा वर्षांची, दाराच्या चौकटीएवढ्या खांद्यांची.

सिल्वियोने डेल्मासमोर सही केलेले पाच कागद धरले. पालकांच्या सह्या काल रात्रीच घेतलेल्या दिसत होत्या.

"उसन्या देतोय," तो म्हणाला. "उद्या मला परत पाहिजेत. मोडतोड न करता."

"मी मागितल्या होत्या का?"

"नाही. म्हणून तर आणल्या. तू मागायची वाट बघत बसलो असतो तर ह्या पोरींची लग्नं झाली असती."

डेल्माने कागद घेतले. ह्या माणसाचे आभार मानायचे म्हणजे दात उपटून घेण्यासारखंच होतं, आणि तिने ते टाळलं. आधी पोरी देणार आणि हंगाम संपला की सगळ्याच पळवणार, हाही विचार तिच्या मनात येऊन गेला. चाळीस वर्षांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य एका सकाळीत संपत नाही. पण हात मात्र भराभर यादीत नावं लिहीत होता.

खांबांशी उभा राहायला पंच नव्हता. तो यजमानांनी द्यायचा. डेल्माने नोएलचा पांढरा कोट जॅरॉडच्या अंगावर चढवला आणि दोन झेंडे त्याच्या हातात कोंबले.

"मी जाहिरातीचं बघतो हो, मिस. मी कधी पंच..."

"लाथेने गेला तर सहा, दोन्ही झेंडे. बाजूने गेला किंवा लाथेविना गेला तर एक, एक झेंडा. कोट मळवू नकोस."

तालियाला चेंडू पुढे टाकायचाच धीर होईना. तिच्या खेळात तो गुन्हा. ती दर वेळी वळून मागच्या पोरीकडे फेके, आणि इथे चेंडू असा फेकायचाच नसतो, मुठीने मारायचा असतो, म्हणून शिट्टी वाजे. पहिल्या दोन सत्रांत सोळा वेळा शिट्टी वाजली. प्रतिस्पर्ध्यांचे गुण वाढत गेले. पण पोरी पळत होत्या. मधल्या चौकोनाच्या रेषा त्यांच्या बुटांखाली पुसत चालल्या होत्या, आणि डेल्माला आपल्या रेषा पुसलेल्या बघण्याएवढं सुख दुसऱ्या कशात नव्हतं.

तिसऱ्या सत्रात चेंडू तालियाच्या पोटावर येऊन आदळला. समोर चाळीस पावलांवर खांब होते आणि मध्ये कुणी नव्हतं.

"मार, मार लाथ," डेल्मा ओरडली.

तालिया खाली मान घालून पळाली. वाटेत दर थोड्या पावलांनी चेंडू जमिनीवर आपटून घ्यायचा असतो हे विसरून, आणि शिट्टी तोंडात धरायचं मैदानातला पंचही विसरला इतक्या वेगाने. मधल्या दोन खांबांमधून ती आत शिरली, अंग झोकून दिलं आणि चेंडू दोन्ही हातांनी जमिनीवर टेकवला. मग उठून हात वर करून उभी राहिली.

नोएलच्या कोटातला जॅरॉड एकदा चेंडूकडे, एकदा डेल्माकडे बघत होता. डेल्माने एक बोट वर केलं. त्याने एक झेंडा हलवला. सहाच्या जागी एक गुण.

सहा गुण झाले की गाड्यांचे भोंगे वाजतात. एका गुणासाठी गिलमारात कुणी भोंगा वाजवत नाही. पण कुंपणापाशी सिल्वियोच्या ट्रकचा भोंगा वाजायला लागला तो थांबेचना. मग आणखी एक गाडी वाजली, मग सगळ्याच. पाहुण्यांच्यासुद्धा.

एकतीस गुणांनी हरल्या. डेल्माने निकालाच्या कागदावर सही केली. हरल्या, म्हणजे खेळल्या. संघ राहिला.

दुपारी मैदान रिकामं झाल्यावर ती खुंट्या गोळा करत निघाली. पोरी जॅरॉडच्या कमानीतली हवा काढायला मदत करत होत्या. खांबांपासून थोडं आत तिचा पाय एका लोखंडी झाकणावर पडला. रविवारचे खांब ह्याच्याखालच्या खड्ड्यात उभे राहतात. शनिवारी संध्याकाळी सिल्वियोची माणसं झाकण उचलून खांब बसवतात आणि रविवारी उतरवतात. दर आठवड्याला उचललं जाणारं झाकण कडेने घासून चकचकीत असतं.

ह्या झाकणावर गवत चढलं होतं. कडेची फट मातीने बुजली होती. डेल्मा वाकली, बोटाने ओढून बघितलं. मुळं चांगली धरलेली. दीड-दोन महिन्यांचं काम. आणि त्याच्या अंगावरून कालचीच निळी रेषा सरळ गेली होती.

"तालिया," तिने हाक मारली. "उद्या मॅच किती वाजता तुमची?"

तालिया मोजे खाली करत आली. "आमची कुठे मॅच, मिस? ईस्टरपासून संघच नाही. पाचच उरलो ना आम्ही. आमच्या रग्बीवाल्यांनीही तिकडे समुद्रापलीकडे नवा संघ काढला, मग इकडे शिकवायला येणारा माणूस बंद झाला." ती थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत आहे."

"मग तुझा नोन्नो आजोबा रेषा कशाला मारतो?"

"सिमेंट घालतील म्हणून," तालिया म्हणाली, आणि मग हळूच, "मी सांगितलं म्हणून सांगू नका हं."

गावात सगळ्यांना माहीत होतं. डेल्मालाच नव्हतं, कारण चाळीस वर्षं तिने आपल्यासमोर त्या खेळाचं नाव काढू दिलं नव्हतं, आणि रविवारी बहिणीकडे जाताना ती मैदान टाळून धान्याच्या कोठारांवरच्या लांबच्या रस्त्याने जायची. लोकांनी तिचा मान राखून अळीमिळी गुपचिळी केली. तिला स्वतःची लाज वाटली. सात शुक्रवार तो माणूस तिच्यापासून वीस पावलांवर, कुणीही खेळणार नाही अशा मैदानाच्या रेषा मारत होता, आणि ती त्याला म्हणाली होती, तुझ्या रविवारचं बघ.

पुढच्या शुक्रवारी चार वाजता निळी गाडी आली. डेल्माचा मधला चौकोन झाला होता. ती झाकणाशी गुडघे टेकून बसली होती, हातात स्क्रूड्रायव्हर, बाजूला उपटलेल्या गवताचा लहानसा ढीग. सिल्वियो थांबला. ढिगाकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली.

"उद्या त्या पाच जणी पाठवतोस ना?" तिने विचारलं.

"पाठवतो. उसन्या."

"आणि रविवारी तुझ्याकडे किती आहेत?"

त्याने डबा ढवळायला घेतला. "पुरेशा."

डेल्मा उठली. गुडघ्यावरची माती झटकली. त्याच्या दोरीचं टोक खुंटीला बांधलेलं होतं ते तिने सोडलं आणि हाताला दोन वेढे देऊन घेतलं.

"पाच म्हणजे पुरेशा नव्हेत," ती म्हणाली. "रविवारी अकरा वाजता माझ्या नऊ येतील. मंगळवारी सरावाला विचारलंय मी त्यांना. चेंडू पुढे फेकतील त्या, सारखा. ओरडू नकोस त्यांच्यावर."

सिल्वियोने दोरीचं दुसरं टोक उचललं. डेल्मा पाठ फिरवून मैदानाच्या त्या टोकाला चालत गेली, तिथल्या कोपऱ्यावर उभी राहिली आणि हात जमिनीपर्यंत खाली नेला.

"ताण आता," ती तिथून म्हणाली. "मी काही उपटून येत नाही."